हृदयाची धडधड आणि जगाचे परकेपण

रात्री उशिरा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्यांमध्ये एक ठरावीक रुग्ण असतो. वय पंचविशी-तिशीचे. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम. ईसीजी काढला जातो आणि तो निर्दोष येतो. रक्तदाब थोडा वाढलेला असतो, तोही अर्ध्या तासात उतरतो. ‘काही नाही, गॅस असेल, ताण घेऊ नका,’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. त्याने सांगितलेल्या साऱ्या तक्रारी कागदावर उतरलेल्या असतात. एक तक्रार मात्र त्याने सांगितलेलीच नसते. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला स्वतःचे हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. शेजारी उभी असलेली आई ओळखू येत होती, पण ओळखीची वाटत नव्हती. खोलीतला दिवा, भिंत, माणसांचे आवाज हे सारे जाड काचेपलीकडे घडत असल्यासारखे भासत होते. हे सांगितले तर आपल्याला वेडा ठरवतील, या भीतीने तो गप्प राहिलेला असतो. पुढचे कित्येक आठवडे त्याला हृदयविकारापेक्षा या वेडाचीच धास्ती अधिक वाटत राहते.

पहिल्या प्रकारच्या लक्षणांना आज पॅनिक अटॅक म्हणतात. असे झटके अकारण आणि वारंवार येऊ लागले, आणि पुढच्या झटक्याच्या भयाने माणसाचे जगणेच आक्रसू लागले, की त्याला पॅनिक डिसऑर्डर हे नाव मिळते. न सांगितलेल्या लक्षणाला दोन नावे आहेत. स्वतःबद्दल वाटणारा परकेपणा म्हणजे डिपर्सनलायझेशन आणि भोवतालच्या जगाबद्दल वाटणारा परकेपणा म्हणजे डिरिअलायझेशन. दोन्ही डिसोसिएशनच्या, म्हणजे एरवी एकसंध चालणाऱ्या मनोव्यापारांत फट पडण्याच्या, कुळातले. या अनुभवात भ्रम नसतो, ही त्यातली कळीची गोष्ट. रुग्णाला हात आपलेच आहेत हे ठाऊक असते, फक्त ते तसे जाणवत नाही. ‘जणू’ हा शब्द त्याच्या तोंडून सुटत नाही, आणि मनोविकारशास्त्राच्या दृष्टीने त्या एका शब्दात वेड आणि हा अनुभव यांमधील सीमारेषा सामावलेली आहे.

धडधड आणि परकेपणा यांचा संबंध अलीकडे उमगला, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास तसे सांगत नाही. हा संबंध दीडशे वर्षांपूर्वीच दिसला होता. नंतर तो हरवला, पुन्हा सापडला, आणि वर्गीकरणाच्या कप्प्यांत पुन्हा विभागला गेला.

1873 साली पॅरिसमध्ये मॉरिस क्रिशाबेर यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रिशाबेर जन्माने हंगेरियन आणि व्यवसायाने घसा व स्वरयंत्र यांचे तज्ज्ञ. मनोविकारांशी त्यांचा संबंध तसा आडवळणाचाच. आपल्याकडे आलेल्या 38 रुग्णांच्या नोंदी त्यांनी या ग्रंथात मांडल्या आणि त्या विकाराला ‘मेंदू-हृदयाचा मज्जाविकार’ अशा अर्थाचे नाव दिले. या रुग्णांना धडधड होई, चक्कर येई, भयाचे झटके येत, विलक्षण थकवा जाणवे. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रुग्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली: जगाचे वास्तवपण हरवल्याची. क्रिशाबेर यांनी ही तक्रार कल्पनाविलास म्हणून बाजूला सारली नाही, धडधडीच्याच पंक्तीला बसवली. त्यांचे स्पष्टीकरण शारीर होते. इंद्रियांकडून येणारे संवेदनच बिघडते, आणि संवेदन बदलले की जगही बदलल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. निरीक्षण मात्र टिकायला हवे होते.

ते टिकले, पण अर्धेच. 1876 मध्ये फ्रेंच विचारवंत इपोलीत तेन यांनी ‘मी’ची कल्पना कशी घडते या प्रश्नावर लिहिताना क्रिशाबेर यांच्या रुग्णांचा आधार घेतला. सुरवंटाच्या आठवणी आणि कल्पना जशाच्या तशा ठेवून एखाद्याला एकाएकी फुलपाखराची इंद्रिये मिळाली तर त्याची जी अवस्था होईल, तशी या रुग्णांची झाली आहे, अशी त्यांची उपमा होती. तेन यांच्यामार्फत हे रुग्ण 1890 मध्ये विल्यम जेम्स यांच्या मानसशास्त्रावरील बृहद्ग्रंथात पोहोचले. वैद्यकातून तत्त्वचिंतनात जाणारा हा प्रवास भारदस्त खरा, पण त्या वाटेवर रुग्णांची धडधड मागेच राहिली. तत्त्वज्ञांना रस होता तो ‘मी’ कसा विरघळतो यात. त्या वेळी नाडी किती वेगाने चालत होती, हा त्यांच्या लेखी गौण तपशील होता.

‘डिपर्सनलायझेशन’ हे नावही साहित्याच्याच दारातून आले. जिनिव्हाचे प्राध्यापक आंरी-फ्रेदेरिक आमिएल यांनी आयुष्यभर लिहिलेली खासगी दैनंदिनी 1881 साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. स्वतःकडे थडग्यापलीकडून पाहत असल्यासारखी आपली अवस्था वर्णन करताना, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी या शब्दाचे एक रूप वापरले होते. 1898 मध्ये ल्युदोव्हिक द्युगा यांनी तो शब्द उचलून त्याला वैद्यकीय अर्थ दिला. ज्या माणसाने शब्द घडवला तो रुग्ण म्हणून कुणाकडे गेला नव्हता, आणि ज्या रुग्णांना त्या शब्दाची गरज होती त्यांच्या धडधडीला त्यात जागा नव्हती.

दुसरी शाखा हृदयाची. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांची तपासणी करून जेकब मेंडिस डा कोस्टा यांनी 1871 मध्ये ‘चिडखोर हृदय’ या विकाराचे वर्णन केले. धडधड, छातीत दुखणे, धाप, चक्कर ही लक्षणे होती, पण हृदयात दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात हाच विकार ‘सैनिकाचे हृदय’ आणि ‘श्रमलक्षणसमूह’ या नावांनी परतला. थॉमस लुइस यांच्यासारख्या थोर हृदयतज्ज्ञाने त्यावर पुस्तक लिहिले. 1941 मध्ये पॉल वुड यांनी मुळाशी चिंता आहे, हृदय निरपराध आहे, असे ठासून सांगितले तेव्हा कुठे हा विकार हृदयविभागातून हलला. सत्तर वर्षे स्टेथोस्कोप छातीवर होता. जग खरे वाटते का, हा प्रश्न स्टेथोस्कोपला ऐकू येणारा नव्हता.

सिग्मंड फ्रॉइड या दोन्ही शाखांजवळून गेले. 1895 मध्ये त्यांनी चिंताविकाराला मज्जादौर्बल्यापासून वेगळे केले आणि चिंतेच्या झटक्याचे इतके नेमके वर्णन केले, की आजच्या निदानपुस्तिकेतील यादी त्यावरूनच उतरवली की काय असे वाटावे. तब्बल 41 वर्षांनी, 1936 मध्ये, त्यांनी रोमाँ रोलाँ यांना त्यांच्या सत्तरीनिमित्त एक अनावृत पत्र लिहिले. भारतीय वाचकांना रोलाँ हे रामकृष्ण आणि विवेकानंद यांचे चरित्रकार म्हणून परिचित आहेत. या पत्रात फ्रॉइड यांनी 1904 साली अथेन्सच्या अक्रोपोलिसवर आपल्याला आलेला अनुभव सांगितला. समोरचे दृश्य खरे असल्याबद्दल क्षणभर अविश्वास वाटला, तो का? मनाने स्वतःच्या संरक्षणार्थ केलेली ही युक्ती आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. झटक्याचे वर्णन करणारा तरुण फ्रॉइड आणि परकेपणावर लिहिणारा वृद्ध फ्रॉइड यांची भेट मात्र कागदावर झाली नाही.

ती भेट घडवून आणणारी परंपरा जर्मनीतून इंग्लंडमध्ये आली, आणि तिचा एक धागा बंगळूरपर्यंत पोहोचला. विली मायर-ग्रोस हे हायडेलबर्गचे मनोविकारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना देश सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. 1935 मध्ये त्यांनी डिपर्सनलायझेशनवर जो निबंध लिहिला तो आजही वाचला जातो. स्वतःचा परकेपणा आणि जगाचा परकेपणा हे दोन वेगळे अनुभव आहेत, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. त्याहून महत्त्वाची त्यांची दुसरी सूचना होती: हा परकेपणा म्हणजे मेंदूत आधीपासूनच तयार असलेला एक प्रतिसाद आहे. वेगवेगळी कारणे फिट आणू शकतात, पण फिटचे स्वरूप मेंदूच ठरवतो. तसेच थकवा, ताप, नैराश्य, भय यांपैकी कशानेही कळ दाबली गेली तरी उमटणारा अनुभव एकच असतो. या कल्पनेने प्रश्नाचे रूपच पालटले. ‘या माणसाचे काय बिनसले’ याऐवजी ‘ही यंत्रणा मेंदूत मुळात आहे कशासाठी’ असे विचारता येऊ लागले.

हेच मायर-ग्रोस 1950 च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने काही काळ बंगळूरमध्ये होते. तेथील मनोरुग्णालयाच्या आवारात एम. व्ही. गोविंदस्वामी यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहत होती. 1954 मध्ये ती सुरू झाली, आणि 1974 च्या डिसेंबरात तिचेच रूपांतर आज साऱ्या देशाला परिचित असलेल्या निमहान्समध्ये झाले. भारतीय मनोविकारशास्त्राच्या पाळण्याजवळ डिपर्सनलायझेशनचा जगातला अग्रगण्य अभ्यासक उभा होता, ही गोष्ट आपल्याकडच्या विज्ञानलेखनात क्वचितच येते.

1954 मध्येच मायर-ग्रोस, एलियट स्लेटर आणि मार्टिन रॉथ यांचे मनोविकारशास्त्राचे पाठ्यपुस्तक निघाले. या तिघांत वयाने सर्वांत लहान असलेल्या रॉथ यांनी पुढे न्यूकॅसल येथे तुटलेला धागा पुन्हा जोडला. 1959 साली त्यांनी 135 रुग्णांच्या आधारे एका नव्या लक्षणसमूहाचे वर्णन केले आणि त्याच्या नावातच भय, चिंता आणि डिपर्सनलायझेशन एकत्र गुंफले. त्यांचे रुग्ण प्रामुख्याने तरुण स्त्रिया होत्या. घराबाहेर पडण्याची, गर्दीची, एकटे राहण्याची त्यांना धास्ती वाटे. एखाद्या मोठ्या आघातानंतर, जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर किंवा आजारपणानंतर विकाराला सुरुवात झाल्याच्या नोंदी त्यांत वारंवार येतात. आणि भयाच्या ऐन शिखरावर परकेपणा अवतरे. क्रिशाबेर यांच्या 38 रुग्णांना 86 वर्षांनी सोबती मिळाले, असे म्हणता येईल.

रॉथ तेथे थांबले नाहीत. भय, परकेपणा आणि ‘हे पूर्वी घडले आहे’ अशी भावना यांचे त्रिकूट आणखी एका विकारात दिसते हे त्यांना ठाऊक होते: मेंदूच्या कानशिलाकडील खंडातून उद्भवणाऱ्या अपस्मारात. मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागृत रुग्णांच्या याच भागाला सौम्य विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केले, तेव्हा काहींना अकारण भय वाटले, तर काहींना भोवताल अनोळखी भासला. 1962 मध्ये रॉथ यांनी एका सहकाऱ्यासह या दोन विकारांची तुलना प्रसिद्ध केली. साम्ये होती, तसे ठळक भेदही होते. मात्र भय आणि परकेपणा यांच्या वायरी मेंदूत एकमेकींजवळून जातात, हा संशय तेव्हापासून पुसला गेलेला नाही.

त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे इतिहासाने वेगळे वळण घेतले होते. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन या नव्या औषधाची चाचणी घेत होते. त्यांचा एक रुग्ण दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत परिचारिकांच्या टेबलाकडे धाव घेई. काही आठवड्यांच्या औषधानंतर सुधारणा आहे असे ना रुग्णाला वाटले, ना डॉक्टरांना. परिचारिकेला मात्र दिसले, की तो आता टेबलाकडे येईनासा झाला आहे. रोजची चिंता तशीच होती, झटके थांबले होते. यावरून झटका आणि चिंता या दोन निराळ्या गोष्टी असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष क्लाइन यांनी काढला. औषधाने निदानाची रेषा आखावी, ही कल्पना तेव्हा अनेकांना उफराटी वाटली. पण 1980 साली अमेरिकी निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा पॅनिक डिसऑर्डर त्यात स्वतंत्र विकार म्हणून दाखल झाला.

या पुस्तिकेने झटक्याची 12 लक्षणे दिली आणि त्यांपैकी किमान चार असावीत अशी अट घातली. ‘अवास्तवतेची भावना’ हे या 12 पैकी एक. चार लक्षणे इतरत्र भरली की तिच्याविषयी विचारण्याची गरजच उरत नाही. शिवाय त्याच पुस्तिकेत डिपर्सनलायझेशन डिसऑर्डर हा वेगळा विकार डिसोसिएशनच्या प्रकरणात गेला. नियमांच्या दृष्टीने हे सुटसुटीत झाले. संशोधकांचे निधी, परिषदा आणि नियतकालिके मात्र याच रेषेवर दुभंगली. पॅनिकचा अभ्यास करणारे श्वास आणि रसायने मोजू लागले, डिसोसिएशनचा अभ्यास करणारे आघात आणि स्मृती यांकडे वळले. रॉथ यांचे लांबलचक नाव दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत तळटीप होऊन बसले.

तरीही आकडे अधूनमधून डोके वर काढत राहिले. 1989 मध्ये इटलीतील पिसा येथे जोव्हान्नी कासानो आणि सहकाऱ्यांनी पॅनिकच्या 150 रुग्णांची पाहणी केली. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना झटक्यात परकेपणा जाणवत होता, आणि त्यांचा विकार तुलनेने लहान वयात सुरू झालेला व अधिक तीव्र होता. क्रिशाबेर यांचे प्रमाणही एक तृतीयांशच होते. हा योगायोग असू शकतो, निवडीच्या पद्धती सर्वस्वी भिन्न होत्या. पण परकेपणा हे केवळ तोंडी लावण्यापुरते लक्षण नसून विकाराच्या तीव्रतेची खूण असू शकते, ही शंका रास्त ठरते.

आता मायर-ग्रोस यांचा प्रश्न. ही यंत्रणा आहे कशासाठी?

उत्तराचे सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार रुग्णालयाबाहेरचे आहेत. 1844 मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यावर सिंहाने झेप घेतली आणि खांदा जबड्यात धरून त्यांना गदागदा हलवले. त्या क्षणी वेदनाही नव्हती आणि भयही नव्हते, एक स्वप्नवत गुंगी होती, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम स्वतः आल्प्समध्ये कड्यावरून पडले होते. त्यांनी अशाच इतर गिर्यारोहकांचे अनुभव गोळा करून 1892 मध्ये प्रसिद्ध केले. पडताना बहुतेकांचे मन शांत होते, काळ लांबला होता, आणि घडते आहे ते जणू दुसऱ्याचे म्हणून पाहिले जात होते. 1970 च्या दशकात अमेरिकेतील रसेल नॉइस आणि रॉय क्लेट्टी यांनी जीवघेण्या अपघातांतून वाचलेल्यांच्या कथनांत हेच चित्र पाहिले. संकट टळण्यासारखे नसेल, पळणे किंवा लढणे दोन्ही व्यर्थ असेल, तेव्हा भयाने विचार गोठू नयेत म्हणून मेंदू भावनेचा आवाज कमी करतो, पण दक्षता चालू ठेवतो. 1998 मध्ये लंडनमधील मॉरिशियो सिएरा आणि केंब्रिजचे हर्मान बेरिओस यांनी याच कल्पनेला मेंदूशास्त्राची भाषा दिली: मेंदूचा पुढचा भाग भावनिक केंद्रांना दाबून धरतो. पुढच्या काही वर्षांत दीर्घकालीन डिपर्सनलायझेशनच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत भीषण चित्रे पाहताना त्वचेची विद्युत्-प्रतिक्रिया मंद आढळली, आणि किळसवाण्या दृश्यांना उत्तर देणारा इन्सुला हा भागही थंड राहिला.

येथे एक खरी अडचण उभी राहते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दीर्घकालीन परकेपणात शरीर थंडावलेले असते, तर पॅनिकच्या झटक्यात ते पेटलेले असते. भावना दाबली गेली असेल तर हृदय का उसळते? आणि परकेपणा हे संरक्षण असेल तर रुग्ण त्यालाच सर्वाधिक का भितो?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती आले आहे. गिर्यारोहकाला धोका बाहेर दिसत असतो. दरी खरी आहे, पडणे खरे आहे, त्यामुळे आलेल्या विचित्र शांततेचा अर्थ लावण्याची त्याला गरज नसते. पॅनिकच्या रुग्णाभोवती सिंह नसतो, कडा नसतो. बसस्थानक असते, वर्ग असतो, स्वयंपाकघर असते. बाहेर काहीच नसताना जग एकाएकी नाटकाच्या नेपथ्यासारखे दिसू लागले, तर धोका शोधणारे मन तो आत शोधते, आणि ‘मला वेड लागते आहे’ हे उत्तर त्याला तयारच मिळते. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये झटक्याचे हेच गणित मांडले होते. शरीरातील निरुपद्रवी बदलाचा अर्थ अरिष्ट असा लावला जातो, त्यामुळे भय वाढते, भयाने तो बदल आणखी तीव्र होतो, आणि चूक ‘सिद्ध’ होते. सभागृहात माइक स्पीकरसमोर नेला की क्षणात जी किंचाळी उठते, तिच्यामागे हेच तत्त्व असते. आवाज मोठा नसतो, फेऱ्यात सापडलेला असतो. 2003 मध्ये लंडनच्या एका गटाने हेच प्रारूप डिपर्सनलायझेशनला लावले. धडधडीऐवजी परकेपणा या फेऱ्यात शिरला की तो काही मिनिटांत ओसरण्याऐवजी महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो, कारण रुग्ण दर क्षणी स्वतःला तपासत राहतो: आता खरे वाटते आहे का? आणि आता?

पहिल्या प्रश्नाचा एक भाग श्वासात आहे. सर्वसाधारण माणसाच्या धमनीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे 40 मिलिमीटर पारा असतो. सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी 1940 च्या दशकात मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत शोधली. हा दाब एका मिलिमीटरने घटला की मेंदूचा रक्तप्रवाह ढोबळमानाने दोन ते चार टक्क्यांनी घटतो, हे आज पाठ्यपुस्तकी ज्ञान आहे. घाबरलेला माणूस जोरजोरात श्वास घेतो आणि दाब 25 पर्यंत सहज उतरतो. म्हणजे छातीत हवा भरपूर असताना मेंदूला रक्त एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही कमी मिळते. डोके हलके होणे, दृष्टी धूसर होणे, आवाज दूरचे वाटणे यांसाठी एवढे पुरेसे आहे. रक्त अल्कधर्मी झाल्याने मुंग्याही येतात. परंतु सारा परकेपणा श्वासाच्या खाती टाकता येत नाही. मुद्दाम जलद श्वास घेणाऱ्या निरोगी माणसाला चक्कर येते, पण तो सहसा स्वतःला हरवून बसत नाही. आणि नेमके उलटे केले, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा दिली, तरी पॅनिकच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. क्लाइन यांनी 1993 मध्ये यावरूनच गुदमरण्याची खोटी घंटा वाजवणाऱ्या यंत्रणेची कल्पना मांडली. 2013 मध्ये त्यावर एक अनपेक्षित प्रकाश पडला. अमिग्डाला हे भयाचे केंद्र मानले जाते. आजारामुळे ते दोन्ही बाजूंनी नष्ट झालेल्या तीन रुग्णांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगवला, तेव्हा साप-कोळ्यांनाही न भिणाऱ्या त्या माणसांना झटका आला. बाहेरून येणारे भय आणि शरीराच्या आतून उसळणारे भय यांचे मार्ग सर्वस्वी एक नाहीत. कदाचित म्हणूनच एक मार्ग दाबलेला आणि दुसरा पेटलेला, असे एकाच वेळी घडू शकत असावे. हे ‘कदाचित’ अजून सुटलेले नाही.

भारतातली सर्वांत परिचित नोंद मदुराईची आहे. 1896 च्या जुलैमध्ये काकांच्या घरी एकट्या बसलेल्या 16 वर्षांच्या वेंकटरामन या मुलाला, प्रकृती ठणठणीत असताना, मृत्यूच्या प्रचंड भयाने अकस्मात घेरले. त्याने डॉक्टरला हाक मारली नाही. तो जमिनीवर पडला, प्रेतासारखे अंग ताठ केले आणि मरते ते शरीर, मग मी कोण, असे स्वतःलाच विचारले. सहा आठवड्यांनी तो घर सोडून तिरुवण्णामलैला गेला, आणि पुढे रमण महर्षी म्हणून जगाला माहीत झाला. या अनुभवावर आज निदानाची चिठ्ठी डकवणे उथळपणाचे होईल, आणि प्रत्येक झटक्यात साक्षात्कार शोधणे त्याहून घातक. लक्ष वेधून घेतो तो एकच तपशील: देहापासून सुटे झाल्याची जाणीव आली तेव्हा तिचा अर्थ ‘वेड’ असा लावला गेला नाही, आणि भय तिथेच संपले. साक्षीभाव हा शब्द ज्या संस्कृतीत आदराने उच्चारला जातो तिथे आणि जिथे तसा शब्दच नाही तिथे, हा अनुभव एकाच वाटेने जाईल असे गृहीत धरता येत नाही.

भारतीय दवाखान्यांत मात्र या समृद्ध शब्दसंपत्तीचा रुग्णाला फारसा उपयोग झालेला दिसत नाही. आपल्याकडे डिसोसिएशन म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतात ते फिटसारखे झटके, वाचा बसणे, अंगात येणे. ही दृश्ये घरादाराला दिसतात, म्हणून कुणीतरी रुग्णाला घेऊन येते. 1989 मध्ये शेखर सक्सेना आणि के. व्ही. प्रसाद यांनी अमेरिकी पुस्तिकेचे डिसोसिएशनचे उपप्रकार भारतीय बाह्यरुग्णांना लावून पाहिले, तेव्हा बहुतेक जण कोणत्याच ठरीव प्रकारात न बसता ‘इतर’च्या खणात गेले. वर्गीकरण परके होते हे त्यावरून योग्यच सांगितले गेले. परंतु गाजावाजा न करणारा, शेजारी बसलेल्यालाही न दिसणारा परकेपणा या साऱ्या चर्चेत बाहेरच राहिला. त्याला कुणी मांत्रिकाकडे नेत नाही आणि डॉक्टरकडेही नेत नाही.

2015-16 मध्ये निमहान्सने 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. विविध विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आहेत, हा त्याचा निष्कर्ष वृत्तपत्रांतून गाजला. सर्वेक्षणासाठी जी प्रश्नावली वापरली, तीत पॅनिक डिसऑर्डरचा स्वतंत्र विभाग आहे, डिपर्सनलायझेशन डिसऑर्डरचा नाही. मात्र पॅनिकच्या विभागात झटक्याच्या लक्षणांची विचारणा करताना एक प्रश्न येतो: भोवतालच्या गोष्टी विचित्र किंवा अवास्तव वाटल्या का, स्वतःच्या शरीराबाहेर असल्यासारखे वाटले का? म्हणजे देशभरात हजारो लोकांच्या घरी जाणाऱ्या प्रगणकाच्या हातात तो प्रश्न होता, एका यादीतील एक ओळ म्हणून.

उपचारांच्या बाबतीत दोन्ही शाखांची स्थिती विषम आहे. पॅनिकवर परिणामकारक औषधे आहेत आणि क्लार्क यांच्या प्रारूपावर उभी असलेली वर्तन-बोधन चिकित्सा आहे. दीर्घकालीन डिपर्सनलायझेशनसाठी खास मान्यता मिळालेले एकही औषध नाही. परंतु झटक्यातील परकेपणा हे वेडाचे लक्षण नाही, तो भयाचाच एक चेहरा आहे आणि भयाबरोबर ओसरतो, एवढे समजल्यानेही फेऱ्यातला एक दुवा सैल होतो, आणि चिकित्सेची सुरुवात बहुधा याच माहितीने केली जाते. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. काचेपलीकडचे जग इंग्रजीत समजावून सांगण्याची सक्ती तिथे नाही.

2022 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण अमलात आले. दहाव्या आवृत्तीत ‘इतर मज्जाविकृती’ या अडगळीत पडलेला डिपर्सनलायझेशन-डिरिअलायझेशनचा विकार आता डिसोसिएशनच्या गटात हलवला आहे. त्याचा संकेतांक 6बी66. पॅनिक डिसऑर्डर चिंताविकारांच्या गटात, 6बी01. दोहोंच्या मध्ये मंत्रचळाचे विकार आणि ताणजन्य विकार असे दोन अख्खे गट आहेत, आणि पॅनिकच्या वर्णनात धडधड, घाम, मुंग्या यांच्या रांगेत परकेपणाचा उल्लेख पूर्वीसारखाच एका ओळीत आहे.